अनोळखी ग्रहाची मोजणी: टेबलावर पहिली सर्वेक्षण मोहीम कशी चालवायची

सायन्स फिक्शन रोलप्लेइंग गेम (प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट खेळतो तो खेळ) चालवायला घेतलेल्या नव्या गेम मास्टरला (जीएम, म्हणजे खेळ चालवणारा) 'कोणीही न पाहिलेला ग्रह' हा विषय फार खुणावतो. पहिल्याच सेशनला तो हमखास फसतोही. जीएम तीन आठवडे बसून खंड, समुद्र, प्राणी, ऋतू लिहून काढतो. खेळाडू यानातून उतरतात, चहूकडे बघतात आणि विचारतात, "बरं, मग आता काय करायचं?" लढाईच्या मोहिमेत समोर शत्रू असतो, चोरीच्या मोहिमेत तिजोरी असते. इथे समोर नुसतं माळरान.

मराठीत 'मोजणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: माप घेणं आणि किंमत चुकती करणं. सर्वेक्षणाची मोहीम या दोन्ही अर्थांवर उभी राहते. खेळाडूंच्या हातात रकाने असलेलं पत्रक द्या आणि प्रत्येक रकाना भरायला हवा, वेळ किंवा इंधन मोजायला लावा. काय करायचं हे मग त्यांना सांगावं लागत नाही. खाली ३ ते ५ खेळाडू आणि साधारण ४ तासांचं एक सेशन धरून पूर्ण ग्रह बांधून दाखवला आहे. तसाच वापरा किंवा आकडे बदलून घ्या.

एक सूचना: तुम्ही या मोहिमेत खेळाडू म्हणून बसणार असाल तर पायरी ५ च्या आधी थांबा. तिथे गुपित फोडलेलं आहे.

काय काय लागेल

- सहा बाजूंचे फासे, प्रत्येकाला दोन
- १९ षटकोनांचा नकाशा: मधे एक, भोवती ६, त्याभोवती १२
- सर्वेक्षण पत्रक, सगळ्या चमूला मिळून एकच
- हवेचा साठा मोजायला मणी किंवा नाणी: प्रत्येकाला ६, शिवाय रोव्हरसाठी (ग्रहावर फिरायची गाडी) १२
- पेन्सिल, खोडरबर आणि सहा भागांत कापलेलं एक वर्तुळ, जे फक्त तुमच्याकडे राहील
- पात्रांची कागदपत्रं, आधीच भरलेली

पहिल्या सेशनला पात्रं बनवत बसू नका. त्यात दीड तास जातो आणि ग्रह दिसेपर्यंत लोक दमलेले असतात.

१. नियम: दोन फासे आणि ८

एखादी ओळखीची नियमावली असेल तर तीच घ्या. नसेल तर एवढं पुरे: दोन फासे टाका, बेरजेत कौशल्याचा अंक मिळवा, ८ किंवा जास्त आले की जमलं. शक्यता माहीत असू द्या. कौशल्य ० असेल तर ४२ टक्के, १ ला ५८, २ ला ७२, ३ ला ८३. वजा १ झालं की थेट २८ टक्क्यांवर येतं. म्हणजे एका अंकाची वजाबाकीही चांगलीच चावते, आणि पुढे आपण तीच वापरणार आहोत.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. उपकरण चाललं की नाही यासाठी फासे टाकायला लावू नका. "रोल करा… नाही, काही कळलं नाही" हे वाक्य या प्रकारच्या खेळाचा जीव घेतं. मोजमाप मिळणारच. फासे ठरवतात ते कितीला पडलं. ८ आले तर नेमका आकडा. कमी आले तर खेळाडूला निवड द्या: दुप्पट वेळ देऊन नेमका आकडा घ्या, किंवा आहे त्या वेळेत 'ऑक्सिजन ७ ते १२ टक्के' असा ढोबळ पट्टा घ्या.

गुपचूप खोटा आकडा मात्र कधीही देऊ नका. एकदा ते उघड झालं की खेळाडू प्रत्येक मोजमाप तीन-तीनदा घेत बसतात आणि सेशन तिथेच रुतून बसतं.

२. ग्रह: पाच आकडे, बस

१९७७ मध्ये आलेल्या ट्रॅव्हलर या खेळात अख्खं जग अक्षर-अंकांच्या एका ओळीत मावतं: बंदर, आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, शासन, कायदा, तंत्रज्ञान. अनोळखी ग्रहाला बंदर नाही, माणसं नाहीत, कायदा नाही. उरतात आकार, वातावरण आणि पाणी. त्यात दिवसाची लांबी आणि गुरुत्वाकर्षण मिळवलं की तुमची तयारी झाली. आपला नमुना असा:

- त्रिज्या ५१०० किमी, पृथ्वीच्या सुमारे ०.८ पट
- गुरुत्वाकर्षण ०.८ जी, म्हणजे पृथ्वीच्या ०.८ पट. घनता पृथ्वीइतकीच धरली की गुरुत्व त्रिज्येच्या प्रमाणात येतं, वेगळं गणित नको.
- दिवस ६० तासांचा: ३० तास उजेड, ३० तास अंधार
- हवेचा दाब १.४ बार, ऑक्सिजन ९ टक्के, कार्बन डायऑक्साइड अर्धा टक्का, बाकी मुख्यतः नायट्रोजन
- पृष्ठभागाचा ४० टक्के भाग पाण्याखाली

हवेची ओळ नीट वाचा, कारण मोहिमेचा कणा तीच आहे. श्वासाला टक्केवारी कळत नाही, ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, कळतो. १.४ चे ९ टक्के म्हणजे ०.१२६ बार. समुद्रसपाटीला आपल्याला ०.२१ मिळतो. ०.१२६ म्हणजे पृथ्वीवर साधारण ४२०० मीटर उंचीवर मिळतो तेवढा: धाप लागते, डोकं जड होतं, पण माणूस मरत नाही. म्हणून या ग्रहावर मास्क काढता येतो! नवखे जीएम हवा एक तर मस्त नाही तर जहरी ठेवतात आणि दोन्ही बाबतीत खेळाडूला ठरवायला काही उरत नाही. काठावरची हवा ठेवा. मास्क लावला तर मणी खर्च होतील, काढला तर प्रत्येक रोलला वजा १.

ऑक्सिजन ठेवलात तर तो तयार करणारं काहीतरी जिवंतही ठेवावं लागतं. नाहीतर तो खडकांतल्या लोखंडाशी वगैरे संयोग पावून संपून गेला असता. आपल्याकडे काळपट हिरवी, गुडघाभर उंचीची वाढ आहे आणि ती खाणारे मांजराएवढे सहापायी प्राणी. इतकं पुरे.

ग्रहाला नाव देऊ नका. पत्रकावर नावाची जागा कोरी ठेवा. डोंगराला, दरीला, ओढ्याला खेळाडूच नावं देतात, आणि ज्या टेकडीला आपण नाव दिलं तिच्यासाठी माणूस जास्त धडपडतो.

३. पत्रक आणि माणसं

पत्रकावर आठ ओळी: दिवसाची लांबी, गुरुत्व, दाब, हवेतले वायू, पिण्याजोगं पाणी, जमिनीची हालचाल, सजीव, वस्तीसाठी जागा. शेवटी मोठी चौकट: 'शिफारस आणि कारण'. प्रत्येक ओळीपुढे दोन खिडक्या ठेवा. एका उपकरणाने मोजलं की पहिली भरते, दुसऱ्या वेगळ्या मार्गाने खात्री झाली की दुसरी. एक खिडकी म्हणजे १० क्रेडिट, दोन्ही मिळून ३०. चुकीच्या शिफारशीला निम्मं मानधन कापलं जाणार, हे सुरुवातीलाच सांगून टाका.

भूमिका पाच: पायलट, भूवैज्ञानिक, जीववैज्ञानिक, डॉक्टर, तंत्रज्ञ. प्रत्येकाकडे असं एक उपकरण द्या जे दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही: ड्रोन, भूकंपमापक, नमुना पेटी, वायुमापक, खोल पाण्याचा नमुना काढणारी दोरी-बाटली. हे केलं नाही तर सगळ्यात बोलका खेळाडू प्रत्येक मोजमाप स्वतः घेतो आणि बाकीचे फोन बघायला लागतात. खेळाडू तीनच असतील तर डॉक्टर जीववैज्ञानिकात आणि तंत्रज्ञ पायलटमध्ये मिसळा.

४. कक्षेतून: ४० मिनिटांच्या वर नको

यान ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत, ३०० किमी उंचीवर फिरतंय. एका फेरीला साधारण ९० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात खाली ग्रह ९ अंश वळतो, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ८०० किमी. कॅमेऱ्याला २०० किमी रुंदीचा पट्टा दिसतो. म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधे ६०० किमी न पाहिलेली जमीन राहते. खेळाडूंना या पट्ट्या कागदावर काढून दाखवा. 'आपण अजून काय पाहिलं नाही' हे डोळ्यांनी दिसलं की पुढचे प्रश्न तेच विचारतात.

संपूर्ण ग्रहाचा तपशीलवार नकाशा करायच्या भानगडीत पडू नका. या ग्रहाची जमीनच जवळजवळ २० कोटी चौरस किमी आहे. पट्ट्यांमधली एकच जागा निवडा आणि तिचा १९ षटकोनांचा नकाशा टेबलावर ठेवा. एक षटकोन १० किमी रुंद धरला तर सगळं मिळून साधारण १६५० चौरस किमी होतात. एका सेशनला हे भरपूर आहे. १९ पैकी ६ षटकोन नीट लिहा, उरलेल्या १३ ना एकेक ओळ.

उतरायला तीन जागा द्या आणि तिन्हींत खोट ठेवा:

- सपाट माळ: उतरणं सोपं, पण तळ्यापासून तीन षटकोन दूर.
- तळ्याचा काठ: पाणी हाताशी, जागा रमणीय. बहुतेक चमू हीच निवडतात.
- डोंगरकडा: पायलटला ८ आणावेच लागतील, पण दृष्टी आणि रेडिओ सगळ्यांत चांगला.

रेडिओचं इथेच सांगून ठेवा. त्रिज्या ५१०० किमी असताना उभ्या माणसाला क्षितिज साधारण सव्वाचार किमीवर दिसतं. हातातला रेडिओ त्यापलीकडे फारसा पोचत नाही. यान डोक्यावर असताना फार तर १० मिनिटं बोलता येतं. विषुववृत्ताजवळ असाल तर दर ९० मिनिटांनी एक अशा चार फेऱ्या संपर्क मिळेल, आणि मग ग्रह अर्धा वळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ २४ तास, शांतता. मदत मागायला वरचा माणूस कायम उपलब्ध असेल तर कोणालाच कसली धास्ती वाटत नाही. हे वेळापत्रक लिहून टेबलावर ठेवा.

५. गुपित: राक्षस नको, भूगोल पुरे

इथे बहुतेकांचा हात सापळ्यात अडकतो. कंटाळा येईल या भीतीने जीएम झुडपातून काहीतरी दातवालं बाहेर काढतो. झालं, मोजणी संपली, गोळीबार सुरू. त्यापेक्षा असा धोका ठेवा जो मोजल्यावरच कळतो.

२१ ऑगस्ट १९८६ रोजी कॅमेरूनमधल्या न्योस या ज्वालामुखी तळ्यातून कार्बन डायऑक्साइडचा प्रचंड ढग बाहेर पडला. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो दऱ्यांतून उताराने वाहत गेला आणि सुमारे १७०० माणसं आणि हजारो गुरं मेली. तळ्यापासून २५ किमीपर्यंत मृत्यू झाले. कारण असं की तळाशी भूगर्भातून झिरपणारा वायू वरच्या पाण्याच्या दाबाखाली विरघळून साठत राहतो. तोल गेला की बाटलीचं झाकण उघडल्यासारखा फसफसून वर येतो.

आपल्या नकाशावरचं रमणीय तळं तसंच आहे. उत्तर एक, पण त्याच्या खुणा निदान चार ठेवा, कारण खेळाडूंच्या हातून अर्ध्या निसटतात:

१. कक्षेतून: तळ्याखालच्या खोऱ्यात हिरवी वाढ एका ठरावीक उंचीवर पट्टीने आखल्यासारखी थांबते. खाली उघडी जमीन.
२. खोऱ्याच्या तळाशी सहापायी प्राण्यांची प्रेतं. ओरबाडलेली नाहीत, कारण खायला आलेलेही तिथेच पडले.
३. तळ्याच्या काठाने तांबडा पट्टा. खोल पाण्यातलं लोखंड मागे कधीतरी वर आलं आणि हवेतल्या ऑक्सिजनने गंजलं.
४. वायुमापक छातीशी २ टक्के कार्बन डायऑक्साइड दाखवतो, घोट्याशी ६.
५. तळाचं पाणी वर काढलं की बाटलीत फसफसतं.

पहिल्या तीन खुणा बघितल्याबरोबर द्या, फासे नकोत. चौथी आणि पाचवी उपकरणाने मिळते. प्रत्येक खूण वेगळ्या माणसाच्या हातात पडते याकडे लक्ष द्या. भूवैज्ञानिकाला तांबडा पट्टा, जीववैज्ञानिकाला प्रेतं. जोडणी त्यांनी आपापसात बोलून करायची आहे. तुम्ही ती करून दिलीत तर सगळं मुसळ केरात.

६. जमिनीवर: मणी, तास, वर्तुळ

प्रत्येकापुढे ६ मणी ठेवा. मास्क लावून एक तास म्हणजे एक मणी. धावपळ किंवा ओझं उचलणं असेल आणि रोल फसला तर एक मणी जादा. रोव्हरच्या बंद केबिनमध्ये मणी जात नाहीत. त्यात १२ राखीव आहेत. लँडरपाशी (यानातून जमिनीवर उतरवलेलं वाहन) टाक्या पुन्हा भरतात. गुहेत उतरणारे पाणबुडे हवेचे तीन भाग करतात: एक जायला, एक यायला, एक अडचणीला. खेळाडूंना हा हिशेब एकदाच सांगा आणि नंतर आठवण करून देऊ नका.

रोव्हर माळावर तासाला एक षटकोन कापतो, खडकाळ जागी दोन तासांना एक. उपकरणं घेऊन चालत गेलात तर एका षटकोनाला चार तास. उजेड ३० तासांचा असल्यामुळे भर उन्हात झोपावं लागतं. सलग १६ तासांहून जास्त जागलेल्याला वजा १. मास्क काढलेला वजा १ आणि झोपेचा वजा १ एकत्र येतात तेव्हा खेळाडू आपणहून गप्प होऊन विचार करतात.

मणी खरोखरचे ठेवा. कागदावर आकडा खोडून लिहिला तर त्याकडे कोणी बघत नाही. मणी उचलून बाजूला ठेवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो.

तुमच्याकडचं सहा भागांचं वर्तुळ म्हणजे तळ्याचा तोल. एक भाग भरा:

- लँडर काठावर उतरला तर
- भूकंपमापकासाठी सुरुंग उडवला तर, प्रत्येक वेळी
- काठावर ड्रिलिंग केलं तर
- दर १२ तासांनी

तीन भाग भरले की पाण्यात बुडबुड्यांची रांग दिसते. पाच भरले की जमीन हलकी थरथरते. सहा भरले की तळं उलटतं, म्हणजे तळाचा वायू बाहेर पडतो. पांढुरका ढग दर २० मिनिटांना एक षटकोन उताराने सरकतो आणि दोन षटकोनांवर विरतो. तो वर चढत नाही, हे ज्यांनी ओळखलं ते चढावर पळतात आणि वाचतात. मास्क नसलेल्याने ८ आणावेत, नाहीतर बेशुद्ध. हा खेळाचा कडकपणा नाही: पृथ्वीच्या दाबाला १० टक्के कार्बन डायऑक्साइड माणसाला काही मिनिटांत आडवं करतो. साधा गाळणीचा मास्क हा वायू अडवत नाही. टाकीचाच हवा.

चमू फुटून दोन दिशांना गेला तर जाऊ द्या. या मोहिमेत ते शहाणपणाचंच आहे. फक्त दर १० मिनिटांनी एका गटाकडून दुसऱ्याकडे वळा, आणि वळताना पहिल्या गटाला एक प्रश्न सोपवून जा: "ही बाटली उघडायची की तशीच न्यायची, ठरवून ठेवा" असा.

७. सुरू करण्याआधीची पाच मिनिटं

यात गुदमरणं आहे, आणि काहींना तो विषय जवळून झोंबतो. सुरुवातीलाच विचारा. टेबलाच्या मधे फुली मारलेलं एक्स-कार्ड ठेवा. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग कारण न विचारता गाळून पुढे जायचं.

८. नेहमी बिघडतं ते

*तळ्याकडे कोणी जातच नाही.* बहुधा 'पिण्याजोगं पाणी' या ओळीला तुम्ही दुसरा सोपा पर्याय देऊन बसलात. नकाशावर गोडं पाणी एकाच जागी ठेवा.

*एका तासात गुपित उलगडलं.* उत्तम. आता प्रश्न मोठा होतो: इथे वस्ती होऊ शकेल का? न्योसमध्ये २००१ पासून नळ सोडून तळाचा वायू थोडा थोडा वर काढला जातो. खेळाडूंनी असं काही सुचवलं तर तंत्रज्ञाला त्याची छोटी चाचणी करू द्या. तिला तीन तास आणि वर्तुळाचा एक भाग मोजावा लागेल.

*कोणालाच काही कळलं नाही आणि तळं उलटलं.* ढग आधी दूरवरच्या प्राण्यांच्या कळपावर जाताना दाखवा. वीस मिनिटं मिळतात. न सांगता आलेला मृत्यू खेळाडू माफ करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

*जीएम व्याख्यान देतोय.* ही चूक विज्ञानाची आवड असलेल्यांची. आंशिक दाब समजावू नका. "मास्क काढलास, वीस पावलांवर धाप लागली" एवढंच सांगा. आकडा विचारला तर द्या.

९. अहवालासाठी अर्धा तास राखून ठेवा

चार तास संपायला ३० मिनिटं उरली की घड्याळ बघून थांबवा, मग चमू कुठेही असो. शेवटचा संपर्क, १० मिनिटांची खिडकी, आणि शिफारस वर पाठवायची आहे. खेळाडूंनी ती खरोखर लिहून, तुम्हाला वाचून दाखवायची. वाद इथे रंगतो: दुसरी खिडकी कोरी असलेल्या ओळीवर सही करायची का, तळ्याचं लिहिलं तर कंत्राट रद्द होईल का, नाही लिहिलं तर पुढच्या यानातून कोण उतरेल. तुम्ही मधे बोलू नका. वाचून झाल्यावर मानधन मोजा, पत्रकावर तारीख घाला आणि ते जपून ठेवा. न भरलेल्या ओळी आणि पाऊल न पडलेले षटकोन हीच पुढच्या सेशनची तयारी, वेगळं काही लिहावं लागत नाही.